लुगड्याचं शीड

(नळगंगेच्या धरणाचा काठ. सन १९७४, पौषातला रविवार, सकाळ. लाकडी नावेत तिघं आहेत: काठावरच्या गावातले शेतकरी उकंडराव, त्यांच्या पत्नी कोकिळाबाई, आणि दर रविवारी हौसेनं मासे धरायला मलकापूरहून येणारे भूगोलाचे मास्तर भालचंद्र.)

कोकिळा: एवढी आवळून गाठ नोका मारू, मास्तर. लुगडं हाये ते, बैलाचं दावं नाही. काठ फाटला तं तुमी नवं घेऊन देसान काय?

भालचंद्र: वहिनी, गाठ सैल राहिली तर वारा भरल्याबरोबर सगळं शीड पाण्यात जाईल. मग खरंच नवं घ्यावं लागेल.

उकंडराव: शीड म्हनते मास्तर त्याले. ऐकलं काय? बसल्या बसल्या तुह्या लुगड्याले बढती भेटली.

कोकिळा: बढती भेटो नाहीतर काही भेटो, हाये तं माह्यंच. माह्या भावानं आखाजीच्या सनाले घेतलेलं हाये.

उकंडराव: तेच म्हनतो मी. लुगडं देल्लं, लय उपकार झाले. आता उतर खाली. आमाले उशीर होऊन राह्यला.

कोकिळा: उतरत नाही.

उकंडराव: काऊन?

कोकिळा: लुगडं जिथी जाईन तिथी मी जाईन. सायंकायी तुमी दोघं हात हालवत येसान अन् म्हनसान, कोकिळे, हवेनं नेलं. मले नाही जमत ते.

भालचंद्र: उकंडराव, तसंही तिसरं माणूस आपल्याला लागणारच आहे. मी मधला बांबू धरणार, तुम्ही वल्ह्यानं नाव वळवणार. मग शिडाचं खालचं टोक कुणी ओढून धरायचं? ते सोडलं की शीड नुसतं फडफडत राहील.

उकंडराव: शेजारचा शेषराव येतो म्हनला होता नं.

कोकिळा: शेषराव तुरीच्या खळ्यावर हाये. तुमच्यासारखा आईतवार त्याले भेटत नाही.

उकंडराव: मास्तर, बाई नावेत बसली की मासोई लागत नाही.

कोकिळा: हे कोनं सांगतलं?

उकंडराव: सांगाले कशाले पायजे? सगळ्याईले ठाऊक हाये.

भालचंद्र: मला नाही ठाऊक.

कोकिळा: घ्या! शाळेच्या मास्तरले ठाऊक नाही, म्हंजे पुस्तकात नसन ते.

उकंडराव: बस मंग. पन मधात बस. अन् घाबरली तं ओरडू नोको.

कोकिळा: मी कशाले घाबरू? या पान्याच्या खाली माहा सारा रस्ता हाये. ढकला नाव.

भालचंद्र: जय गजानन म्हणा आणि ढकला.

उकंडराव: जय गजानन! हां... चालली. चालली, मास्तर! पाहा, पानी कापून राह्यली!

भालचंद्र: भरलं शीड! वहिनी, टोक ओढा, अजून ओढा. शाब्बास!

कोकिळा: अगं माय, कशी पयते व हे!

उकंडराव: एक थेंब तेल नाही, आवाज नाही, धूर नाही. मास्तर, मानलं तुमाले. मले वाटलं होतं का तुमी वर्गात पोराईले जे चित्र दाखवता, तेवढ्यापुरतंच हे असन.

भालचंद्र: मलाही तसंच वाटत होतं. खरं सांगायचं तर काल रात्री मला झोप लागली नाही. म्हटलं, हेही फसलं तर आपले रविवार संपले.

कोकिळा: रविवार कसे संपतीन? दर हप्त्याले येते तो.

भालचंद्र: येतो हो, पण दिवाळीपासून पेट्रोल जे चढलं, ते उतरायचं नावच घेईना. आधी आम्ही दर रविवारी पलीकडच्या काठापर्यंत जायचो. मग अर्ध्यात थांबायला लागलो. मग एक रविवार सोडून दुसरा. मास्तराच्या पगारात घर चालवायचं की हौसेच्या नावेला पेट्रोल पाजायचं? बाकीच्यांचं सोडा, घरात मला विचारतात, तुम्ही मासे खात नाही, खाणार नाही, मग धरता कशाला?

कोकिळा: हे तं मलेही इचाराचं होतं.

भालचंद्र: वहिनी, गळ टाकून बसलं की डोक्यातली सगळी शाळा सुटते, एवढंच कळतं.

उकंडराव: मंग रॉकेल पाजून पाह्यलं त्या इंजिनले. राशनच्या दुकानात रॉकेलच भेटत नाही, हिच्या चिमनीतलं घेतलं होतं मी.

कोकिळा: हां! तरी म्हटलं, चिमनी रिकामी कशी झाली. अंधारात भाकरी थापल्या मी त्या दिवशी.

उकंडराव: इंजिन असं खोकललं, का सारे बगळे उडून गेले. धूर एवढा, का गावातले लोक म्हने, नाव पेटली.

भालचंद्र: आणि पाण्याच्या मधोमध बंद पडलं. एका वल्ह्यावर परत आलो, गोल गोल फिरत.

कोकिळा: दुसरं वल्हं कुठी हाये?

उकंडराव: इंजिन आलं तवा त्याचं जू करून घेतलं नांगराले. म्हटलं, आता काय गरज.

कोकिळा: वा. इंजिन ठेवलं माह्या तुरीच्या कोठीपाशी पोतं पांघरून, अन् वल्हं शेतात. लय हुशार मानसं हाये तुमी.

भालचंद्र: उकंडराव, चिंच दिसायला लागली बघा.

कोकिळा: कोनती चिंच?

उकंडराव: ते पाय, पान्यातून काया फांद्या वर निंघल्या. शेंड्यावर पानकोंबडी बसते. खाली बुंध्याशी मरळ राह्यते. आमची जागा हाये ते.

कोकिळा: ही तं पाटलाच्या मळ्यातली चिंच व्हय. इच्या सावलीत बसून मी पायातला काटा काढला होता. म्हंजे इथून उजवीकडे गेलं का पायवाट.

उकंडराव: होती. आता नाही. सोड आता टोक, थांबाचं हाये.

भालचंद्र: वहिनी, हळूच सोडा, एकदम नको.

उकंडराव: सोड न व. पुढे जाऊन राह्यलो आपन.

भालचंद्र: वहिनी? टोक सोडा.

कोकिळा: नाही सोडत.

उकंडराव: काऊन? अडकलं काय हातात?

कोकिळा: अडकलं नाही. मी धरून ठेवलं.

उकंडराव: अवं, चिंच मागं पडली! मास्तर, बांबू खाली पाडा!

कोकिळा: मास्तर, बांबू पाडसान तं लुगडं पान्यात जाईन. भावानं देल्लेलं लुगडं हाये, सांगून ठेवतो.

भालचंद्र: मी... मी काही पाडत नाही. पण वहिनी, जायचं कुठे आहे?

कोकिळा: समोर. ते निंबाचं झाड दिसते, त्याच्या मागं पांढरी भीत दिसते, तिथी.

भालचंद्र: धामणखेड? तिथे काय आहे?

कोकिळा: माही माय हाये.

भालचंद्र: तुमचं माहेर धामणखेड? उकंडराव, इतकी वर्षं आपण त्या काठाखाली गळ टाकून बसतो, आणि ती तुमची सासुरवाडी? हे मला कधी बोलला नाहीत.

उकंडराव: त्यात बोलाचं काय हाये?

कोकिळा: मी सांगतो मास्तर तुमाले. धरन नव्हतं तवा इथी ढोपराएवढी नदी होती. मी भाजीचा टोप पदराखाली घेऊन निंघाची, अन् मायच्या घरी पोचेपर्यंत भाजी गरम राह्याची. सांजच्याले वापस. मंग हे पानी आलं. आता मोताळ्याले जा, तिथून दुसरी मोटार धरा, मंग फाट्यापासून पायी. जाऊन येऊन एका दिवसात होत नाही, अन् म्हशी कोन पिळन? म्हून आखाजीले एकदा जातो. मांगच्या आखाजीले तेही झालं नाही, म्हैस व्याली होती.

भालचंद्र: आणि आम्ही दर रविवारी...

कोकिळा: तुमी दर आईतवारी फटफट करत तिकडे जात होते. अन् घरी येऊन हे मले सांगत, तुह्या माहेरच्या काठाले आज मोठी मरळ भेटली. मी इचारो, घरातून धूर निंघत होता काय? माय आंगनात दिसली काय? तं म्हनत, मी काय धूर पाहाले गेल्तो?

उकंडराव: अवं, पन तू कधी म्हटलं काय, मले घेऊन चाला म्हून?

कोकिळा: म्हटलं होतं. पह्यल्याच वर्सी म्हटलं होतं. तुमी म्हटलं, तीन मानसं बसले का इंजिन जास्त तेल पेते.

उकंडराव: ते... पेतेच ते. मास्तर, पेते का नाही?

भालचंद्र: पितं. थोडंसं पितं.

कोकिळा: पेत असन. मी कुठी नाही म्हटलं? मी गुमान राह्यली. मंग पेट्रोल महाग झालं अन् तुमी तोंडं पाडून बसले. देवाशप्पथ सांगतो मास्तर, मले काही दुख झालं नाही. म्हटलं, आता हे दोघं माह्यासारखेच झाले, इकडच्या काठावर. अन् मंग हे म्हनले, लुगडं दे, हवेवर चालवाची हाये नाव. तवा माह्या मनात आलं, का हवा कोनाच्या तेलाची नाही. ज्यानं पेट्रोल महाग केलं, त्याचं भलं होवो. त्याची माय त्याले रोज भेटो.

भालचंद्र: उकंडराव, वल्हं उजवीकडे घाला. निंबाच्या झाडाकडे.

उकंडराव: घातलं नं बाप्पा. मले कोन काय इचारते आज?

कोकिळा: सांभाळून. खाली दगडं हायेत, धुन्याची जागा होती ही. हां... टेकली. टेकली व माय!

भालचंद्र: हात द्या, वहिनी. सावकाश.

कोकिळा: लुगडं तसंच बांधून राहू द्या, घडी नोका करू. ऊन कललं का येतो मी. अवो, तुमी येता काय?

उकंडराव: मी? असा? बंडीवर? डोक्यावर टोपी नाही, हाताले गांडुळाचा वास. तू जाय. अन् मी आलो म्हून सांगू नोको कोनाले.

कोकिळा: काही सांगत नाही. येतो मी.

भालचंद्र: गेल्या. बघा, चढावर धावताहेत.

उकंडराव: पाह्यलं. मले दिसते नं. मास्तर, तुमी जरासे इकडे सरका, या बाभयीच्या मागं बसतो मी. वरून कोनी पाह्यलं तं पंचाईत.

भालचंद्र: सासुरवाडीला इतके भिता?

उकंडराव: भेत नाही. तुमच्या मलकापुरात नसन, आमच्यात रीत हाये. जावई आला म्हंजे आधी निरोप धाडून आला पायजे, धोतर-टोपी घालून, हातात काही घेऊन. मंग ते पुरन घालतीन, सारी गल्ली जमा करतीन, रात्रीचं ठेवून घेतीन. मासोई धराले आलेला जावई म्हंजे काय शोभा? म्हून मी पह्यल्यापासून नाव या निंबापासून दूरच ठेवत होतो. तुमाले म्हनत होतो नं, इकडे खडक हाये, गळ अडकते?

भालचंद्र: म्हणजे खडक नाही?

उकंडराव: कायचा खडक? सासू हाये.

भालचंद्र: धन्य आहे तुमची. चला, गळ तरी टाकू या. कणकेचा गोळा केलाय, हिंग घालून. हे घ्या.

उकंडराव: द्या. मास्तर, एक इचारू? आपन वापस कसं जाचं?

भालचंद्र: कसं म्हणजे? आलो तसंच.

उकंडराव: आलो ते हवेच्या संगं. हवा तं अजूनही तिकडूनच इकडे येऊन राह्यली.

भालचंद्र: अरे देवा.

उकंडराव: अन् वल्हं एकच हाये.

भालचंद्र: उद्या सोमवार. पहिलाच तास माझा. हेडमास्तरांना काय सांगू, वारा उलटा होता म्हणून रजा द्या?

उकंडराव: तुमी शीड काढलं पुस्तकातून, तं वापस याचं पान नव्हतं काय त्याच्यात?

भालचंद्र: थांबा, थांबा. सकाळी वारा कुठून होता? घाटावरून खाली. थंड हवा उतरते ती. दुपारी जमीन तापली की वारा उलटा, खालून घाटाकडे चढतो. हे मी दर वर्षी नववीला शिकवतो! फळ्यावर बाण काढून दाखवतो!

उकंडराव: हाव, फिरतेच नं हवा. पौषात तूर उपनाले मी तिव्यावर चढतो ते सकायी. दुपार झाली का उतरतो, कारन मंग हवा फिरून भुसा दान्यावर वापस येते. हे मले नाही ठाऊक काय?

भालचंद्र: तुम्हाला ठाऊक होतं.

उकंडराव: तुमालेही ठाऊक होतं.

भालचंद्र: आणि दोघंही मघाशी नुसते पुढे बघून बसलो होतो.

उकंडराव: मागं पाहाले टाइम कोनाले होता? चालू द्या मास्तर, हासा. मीही हासून राह्यलो. आता दुपार होऊ द्या, अन् काय. मले फक्त म्हशीची काळजी हाये.

भालचंद्र: उकंडराव, वहिनींचं मघाचं ऐकून माझं मन फार खट्टू झालं. इंजिन मी आणलं होतं. धरणाच्या खात्याचा लिलाव झाला तेव्हा हौसेनं घेतलं. पेट्रोल निम्मं निम्मं. मी कधीतरी विचारायला हवं होतं, की घरातून कुणाला यायचं आहे का.

उकंडराव: तुमी कशाले मनाले लावून घेता? घरात मी होतो नं इचाराले. मी नाही इचारलं. मास्तर, तुमाले एक गोष्ट सांगू?

भालचंद्र: सांगा.

उकंडराव: या पान्यात माही काळी जमीन गेली. पैसे भेटले, दुसरी जमीन घेतली, सारं ठीक. पन मी या पान्याकडे पाठ करून बसत होतो. दोन वर्स मी इकडे म्हैस धुवाले नाही आनली. मंग एक दिवस तुमी आले सायकलवर, डोक्यावर ते टोपलीसारखी टोपी, हातात काठी. मले म्हनले, पाहुणे, मला जरा पाण्यात घेऊन चालाल का? मले हासू आलं. म्हटलं, कोन येडा मानूस हाये, मासोई खात नाही अन् धराले आला.

भालचंद्र: तुम्ही तोंडावर म्हणाला होतात तसं.

उकंडराव: म्हटलंच असन. पन त्या दिवशी मी पह्यल्यांदा या पान्यावर बसलो. खाली माह्यं वावर होतं. तुमी गळ टाकला अन् म्हनले, इथे खोल आहे का? मी म्हटलं, इथी माही विहीर होती. तुमी दोन्ही हात जोडले त्या पान्याले. तुमाले याद नसन.

भालचंद्र: आहे.

उकंडराव: त्यानंतर मले या पान्याचा राग आला नाही. तुमचे उपकार हायेत माह्यावर, मास्तर. कधी म्हटलं नाही, म्हून आज म्हनतो.

भालचंद्र: उकंडराव, असं बोलू नका. तुमची नाव नसती तर मी रविवारी काय केलं असतं? पेपर तपासत बसलो असतो. खामगावचा एक ठेकेदार ते इंजिन मागतोय, पाण्याचा पंप चालवायला. आठ दिवसांपासून त्याला उत्तर देत नाहीये मी. वाटत होतं, इंजिन गेलं की तुम्ही म्हणाल, मास्तर, आता येऊ नका.

उकंडराव: मी काऊन म्हनन तसं? तुमी पायी आले तरी मी काठावर बसलेला असन. अरे... अरे, तुमची काठी!

भालचंद्र: लागला! ओढतोय, ओढतोय!

उकंडराव: ढील द्या! एकदम नोका ओढू! अबब, मरळ हाये. काठाले एवढी मोठी! चिंचेपाशीही नाही पाह्यली अशी.

भालचंद्र: धरा, धरा, जाळी धरा!

उकंडराव: आली! आली, मास्तर! आता समजलं मले. आपन दर आईतवारी त्या फटफटीनं इले भेडावून देत होतो. आज मुकाट आलो तं हे आपल्या पायाशी आली.

भालचंद्र: आणि नावेत बाई बसली होती.

उकंडराव: तेवढं तिले नोका सांगू.

भालचंद्र: सांगणार. पहिलं तेच सांगणार. आणि हे बघा, टोपी उडाली माझी. कुठल्या बाजूला उडाली?

उकंडराव: पान्याकडे! हवा फिरली, मास्तर! गवत पाहा, तिकडे कललं सारं. हिले हाक मारा. नाही, मी नाही मारत, तुमी मारा.

भालचंद्र: हाक कशाला, त्या आल्याच. चढावरून उतरताहेत. डोक्यावर टोपली आहे.

उकंडराव: काय व, काय आनलं?

कोकिळा: हरभऱ्याची भाजी हाये, मायनं खुडून देल्ली. चाला, हवा फिरली. बांबू उभा करा, मास्तर. मी टोक धरतो.

भालचंद्र: आधी हे बघा, वहिनी. तुम्ही नावेत बसलात आणि मरळ लागली.

कोकिळा: पाह्यलं काय, अवो? कोनाले नाही लागत मासोई?

उकंडराव: पाह्यलं. बस आता. ढकलतो मी. हां... चालली. आपसूकच चालली वापस, मास्तर.

भालचंद्र: कशा आहेत आई?

कोकिळा: डोये गेले तिचे. उजेड-अंधार तेवढा समजते. मी दारात उभी राह्यली तं म्हने, कोन हाये? जवळ गेली तं माह्या हातावर हात फिरवला अन् म्हने, कोकिळा, तू एवढी वाळली काऊन व?

उकंडराव: वाळली कुठी? चांगली तं हायेस.

कोकिळा: मायले तसंच वाटते. भाऊ-भावजय बाजाराले गेले होते, आईतवारी जातेच ते. माय एकटीच होती. मंग तिनं मले धरून इचारलं, तुह्या घरी सारे बरे हायेत नं? जावई बरे हायेत नं? मी म्हटलं, हाव, काऊन? तं म्हने, मंग त्याईचं इंजिन बंद काऊन झालं?

उकंडराव: तिले कसं ठाऊक इंजिन?

कोकिळा: तिले डोये नाहीत, कान हायेत. दर आईतवारी तुमचा आवाज तिच्या आंगनात येत होता. लोकाईनं सांगतलं होतं तिले, तुह्या जावयाची नाव हाये म्हून. आवाज आला का ते चूल पेटवाची.

भालचंद्र: चूल? कशासाठी?

कोकिळा: भाकरी टाकाले. एक तिची अन् एक माही. म्हने, आज नाव आली, आज कोकिळा येईन.

भालचंद्र: दर रविवारी?

कोकिळा: दर आईतवारी. सांज झाली, आवाज वापस गेला, का माही भाकर गाईले घालाची. मी आखाजीले जाची तवा कधी बोलली नाही. आज बोलली, कारन आवाज बंद झाला तं तिचा जीव घाबरला होता.

उकंडराव: निंबापासून किती दूर होतो आपन, मास्तर?

भालचंद्र: हाकेच्या अंतरावर.

कोकिळा: आता तुमी दोघं तोंडं पाडू नोका बरं. मी माह्या मायले भेटून आली. तिच्या मांडीवर डोकं ठेवून आली. आज मले कोनाचाच राग नाही, सारं जग चांगलं दिसून राह्यलं.

भालचंद्र: आणि आज तर आवाज आलाच नव्हता. मग जेवलात की नाही?

कोकिळा: आवाज नव्हता म्हून एकटीपुरतीच टाकली होती तिनं. दुसरी टाकाले निंघाली, मी उठू देल्लं नाही. अर्धी तिनं खाल्ली, अर्धी मी.

भालचंद्र: उकंडराव, त्या ठेकेदाराला मी उद्याच निरोप देतो. घेऊन जा म्हणावं इंजिन.

उकंडराव: द्या. अन् मी बाभयीचं दुसरं वल्हं घडवून घेतो सुताराकडून. हवा नसली तरी गेलं पायजे.

कोकिळा: तुमी काऊन? तुमाले तं बाभयीच्या मागं बसाचं असते.

उकंडराव: नाही बसत. टोपी घालून येतो वर. रीत गेली खड्ड्यात. पन त्या म्हतारीले आधी कयलं पायजे, का पुढच्या आईतवारी आवाजाची वाट पाहू नोको, अन् चार भाकरी टाक म्हना. मास्तर धरून.

कोकिळा: सांगून आली मी.